एकवीस-चाळीसचा मुलगा

बडोद्यातली निम्मी मराठी लग्नं आपण जुळवली असं आमची आई म्हणायची, आणि उरलेली निम्मी तिला न विचारता झाली म्हणून त्या लोकांवर ती रुसलेली असायची. नागरवाड्यातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत तिचं वधूवर सूचक केंद्र होतं. एक टेबल, दोन लोखंडी कपाटं, जुन्या पंचांगांचा ढीग आणि एक हात मोडलेली खुर्ची. येणारी माणसं दोन तऱ्हेची. काही आमच्यासारखी, ज्यांचे खापरपणजोबा संस्थानच्या फौजेत होते आणि ज्यांचं मराठी आता ‘हां ने’, ‘बस ने’ करत अर्धं गुजराती झालेलं. बाकीची नोकरीपायी आलेली, रेल्वेत, रिफायनरीत, मकरपुऱ्याच्या कारखान्यांत. पहिल्यांना दुसरे उपरे वाटत, दुसऱ्यांना पहिले बिघडलेले वाटत. आई दोघांनाही सारखाच गोड चहा पाजायची.

तिचा एक नियम होता, त्यात तिने कधी कुणाला सूट दिली नाही. पत्रिका जुळेपर्यंत नाव सांगायचं नाही. बडोदं केवढंसं! अमक्यांच्या मुलीला नकार आला हे दुपारी कळलं की संध्याकाळी भाजीवालीसुद्धा हळहळायची. म्हणून आईच्या दप्तरात माणसांना नावं नव्हती, जन्मवेळा होत्या. जेवताना ती सहज म्हणायची, “सव्वासहाची फार चिकित्सा करते बाई,” किंवा “पहाटेच्या त्या मुलाला टक्कल पडत चाललंय, त्याचं लवकर उरकायला हवं.” आम्हालाही सवय झाली होती. रस्त्यात कुणी भेटलं की मी मनात म्हणायची, हा दोन-पंचवीस.

मी तेव्हा मकरपुऱ्याच्या एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळत होते. संध्याकाळी फतेगंजमधल्या एका क्लासमध्ये युनिक्स शिकवायची. कंपनीने एक जुनं मशीन मोडीत काढलं, ते मी रिक्षात मांडीवर घेऊन घरी आणलं आणि एका मासिकासोबत फुकट आलेल्या सीडीवरून त्यावर लिनक्स चढवलं. आई दोन दिवस फुरंगटून बसली. समोरच्यांच्या कॉम्प्युटरवर पत्ते खेळता येतात, आपल्याच्यावर का नाही, म्हणून. पण नंतर तिला त्याचा लळा लागला. प्रत्येक स्थळाचा कागद स्कॅन करून ठेवायचा आणि फाईलला नाव द्यायचं ते आईच्या नियमाप्रमाणेच: आधी मुलगा की मुलगी, मग जन्माचं वर्ष, महिना, दिवस, आणि शेवटी तास-मिनिटं. पत्रिका जुळवण्याचा प्रोग्राम ती वेळ थेट फाईलच्या नावातूनच उचलायचा. टायपिंगचं काम गल्लीतल्या एक बेन करायच्या. त्या गुजराती, पत्रिकेतलं त्यांना काही कळायचं नाही, पण फॉर्मवर लोकांनी जे आकडे लिहिले असतील ते जसेच्या तसे उतरवायच्या. माशी नव्हती म्हणून, नाहीतर तीही उतरवली असती.

आता त्याच्याबद्दल सांगते.

तो फतेगंजच्या क्लासमध्ये आला. वर्ध्याकडचा, रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात नोकरीला. गाडी चालवायचा नाही, कुठली गाडी कुठे अडकलीय ते सांगायचा. वर्गात प्रश्न विचारून विचारून त्याने मला इतका वात आणला की एकदा मी फळ्यावर डस्टर आपटून म्हटलं, “एवढं सगळं येतंय तर तुम्हीच शिकवा की!” तर हा उठून खरंच फळ्याजवळ आला, डस्टर उचलून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, “नाही बाप्पा, मला येत नाही म्हणूनच विचारून राहिलो.” मला राग पटकन येतो आणि हा माणूस तो चहासारखा फुंकून फुंकून पितो. सहा महिन्यांत माझं ठरलं. त्याचं म्हणे डस्टरच्या दिवशीच ठरलं होतं.

मी आईला सरळ सांगितलं. आई म्हणाली, “मुलगा बरा दिसतो. पण रीतसर फॉर्म भर म्हणावं. पत्रिका जुळली तर माझी ना नाही.”

त्याने भरला. सप्टेंबरचा जन्म, वेळ एकवीस-चाळीस. प्रोग्राम चालवला, कागद बाहेर आला, आईने चष्मा वर केला. “एक नाड.”

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जन्माच्या वेळी चंद्र ज्या नक्षत्रात असतो त्यावरून माणसाची नाड ठरते, आणि मुलाची नि मुलीची नाड एकच निघाली तर लग्न करत नाहीत, मुलाबाळांना बरं नसतं म्हणतात. बाकी सगळे गुण जुळले तरी इथे गाडी थांबते. आमचीही थांबली. मी रडले, भांडले, दोन दिवस जेवले नाही, तिसऱ्या दिवशी शेव-उसळ आणून एकटीने खाल्ली. आई हलली नाही.

“लोकांच्या मुलींना मी नाड सांगून परत पाठवते,” ती म्हणाली, “आणि स्वतःच्या मुलीची वेळ आली की डोळे मिटू? उद्या या खुर्चीत कोण बसेल?”

“कुणी नाही बसलं तर नाही ने! मोडकीच आहे ती!”

पण मला कळत होतं. ते केंद्र म्हणजे तिचा शब्द होता, आणि तो तिला जिवापलीकडे प्यारा होता. आणि मला हा मुलगा हवा होता. पळून जाऊन लग्न करायचं नाही हे आम्ही दोघांनी ठरवलं होतं. आई मांडवात हवीच, नाहीतर नको. अशी सगळी कोंडी झाली होती.

त्यातच एक दिवस एक बाई तणतणत आल्या. त्यांच्या मुलाची रास आमच्या कागदावर भलतीच छापून आली होती. पाहते तर फाईलच्या नावात जूनची एकतीस तारीख. जूनला एकतीस कुठून येणार? बेननी फॉर्मवरचं उतरवलं, आणि प्रोग्रामने हूं की चूं न करता ती एक जुलै धरली. आईची मान खाली गेली. बाई गेल्यावर ती माझ्याकडे वळली. “एवढी शिकलीस, एवढा पगार घेतेस. या डब्याला खोटी तारीख ओळखायला शिकवता येत नाही तुला?”

शिकवता येत होतं. रविवारी दुपारी बसून मी शेल स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे कॉम्प्युटरच्या शेलने ओळीओळीने पाळायच्या हुकमांची यादी. काम साधं: प्रत्येक फाईलचं नाव घ्यायचं, कापून तुकडे करायचे, महिना बाराच्या वर नको, दिवस त्या महिन्याला असतात त्याहून जास्त नकोत, लीप वर्ष नसेल तर एकोणतीस फेब्रुवारी नको, तास तेवीसच्या वर नको, मिनिटं एकोणसाठच्या वर नकोत. बरोबर असेल तर ‘ठीक’, नसेल तर ‘खोटी’.

पहिल्यांदा चालवली आणि पडद्यावर ‘खोटी, खोटी, खोटी’ असा पाऊसच पडला. आई खुर्ची ओढून शेजारी बसली. थोड्या वेळाने म्हणाली, “अगं, श्रावण-भाद्रपदात जन्मलेल्यांनी काय घोडं मारलंय तुझं? सगळ्यांना हाकलतेयस.”

पाहिलं तर खरंच. ऑगस्ट आणि सप्टेंबरची सगळी मंडळी बाहेर. आठ आणि नऊ तारखेची माणसंही बाहेर. कपाळावर हात मारला मी! शेलची एक खोड असते. आकड्याच्या आधी शून्य दिसलं की तो आपल्यासारखं दहाच्या हिशेबाने मोजत नाही, आठच्या हिशेबाने मोजतो, आणि त्या हिशेबात आठ आणि नऊ हे आकडेच नसतात. त्यामुळे सप्टेंबरचा ‘शून्य-नऊ’ त्याच्या मते जगात नव्हताच. म्हणजे माझा रेल्वेवालाही नव्हता.

“बघ,” आई म्हणाली, “तुझा कॉम्प्युटरसुद्धा नाहीच म्हणतोय त्याला.” आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. मला इतका संताप आला की पुढचं शून्य खरवडून टाकणारी ओळ मी कीबोर्ड फुटेल एवढ्या जोरात मारली.

दुसऱ्यांदा चालवल्यावर सप्टेंबरवाले सुटले. एकवीस-चाळीसच्या पुढे ‘ठीक’ आलं. उरल्या थोड्या फायली. काही अमेरिकेत राहणाऱ्या मुलांच्या होत्या, ते लोक महिना आधी लिहितात, म्हणून कुणी पंचविसाव्या महिन्यात जन्मलेला. ते सोपं होतं. पण काहींच्या वेळा भलत्याच होत्या. एक मुलगी सत्तेचाळीस वाजून बारा मिनिटांनी जन्मलेली. एक मुलगा बावन्न-तीसला.

“बेननी काय दिवे लावलेत बघ,” मी म्हणाले.

आईने चष्मा खाली घेऊन पडद्याला नाक लावलं, आणि मग मांडीवर थाप मारली. “दिवे कसले लावते बिचारी! हे तास नाहीत गं, घटका आहेत. सूर्योदयापासूनच्या घटका. जुन्या पत्रिकांत जन्मवेळ तशीच लिहितात. एवढ्या घटका, एवढी पळं. दिवसाच्या साठ घटका, घटकेची साठ पळं. लोकांनी पत्रिकेतलं बघून फॉर्मवर उतरवलं, बेननी फॉर्मवरून फाईलवर. सत्तेचाळीस घटका म्हणजे आपले... थांब, घटका चोवीस मिनिटांची...” आणि ती बोटांच्या पेरांवर मोजायला लागली.

आईच्या मोजण्याकडे माझं लक्षच नव्हतं. सत्तेचाळीस पकडली गेली कारण घड्याळात सत्तेचाळीस वाजत नाहीत. पण ज्यांच्या घटका चोवीसच्या आत होत्या त्यांचं काय? पंधरा घटका, अठरा घटका? त्या माझ्या स्क्रिप्टसमोरून तास असल्याचं सोंग घेऊन खुशाल निघून गेल्या असणार.

“आई,” मी म्हणाले, “एकवीस-चाळीस.”

आईची बोटं थांबली.

संध्याकाळी मी त्याला स्टेशनाबाहेर गाठलं. “तुझी जन्मवेळ तुला कुणी सांगितली?”

“आजोबांनी केलेली पत्रिका आहे ना घरी. त्यात पाहिली होती. एकवीस-चाळीस.”

“त्यात रात्री असं लिहिलंय?”

“एकवीस-चाळीसला रात्र नाही तर काय दुपार असते?” असं म्हणाला तो रेल्वेचा माणूस! अहो, ज्याचा सगळा दिवस शून्य-शून्य ते तेवीस-एकोणसाठमध्ये जातो, त्याला एकवीस-चाळीस दिसलं की त्यात रात्रीची एखादी पॅसेंजरच दिसणार. त्याच्या आजोबांनी घटका लिहिल्या असतील हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. मी त्याला भर रस्त्यात बडबड बडबड बडबडले. तो म्हणाला, “दिवाळीला जाऊन राहिलोच आहे, आणतो.”

मधल्या दिवसांत आईने कपाटं रिकामी केली. जुने कागद काढून एकेक वेळ तपासायला घेतली, कोणाची घटका, कोणाचे तास. त्यात अशी काही जोडपी निघाली की ज्यांची पत्रिका चुकीच्या वेळेवर जुळवून आईने अक्षता टाकल्या होत्या. दोन दिवस ती त्यांच्या पत्रिका पुन्हा पुन्हा मांडून बघत होती. मला मात्र आयतं हत्यार मिळालं.

“ती तरसालीची जोडी बघ,” मी म्हणाले. “खऱ्या वेळेवर त्यांचीही एक नाडच निघतेय. दोन मुलं आहेत त्यांना, दोघंही गुटगुटीत. नवरा बायकोला स्कूटर शिकवताना पडला, तरी हसत होता. मग माझंच का अडवून धरतेस?”

“त्यांचं मला माहीत नव्हतं,” आई म्हणाली. “तुझं माहीत आहे. माहीत असून कसं करू?”

मी हात टेकले. आता सगळी आशा त्या आजोबांवर.

दिवाळीनंतर तो आला. पिवळी पडलेली गुंडाळी, कडेला कुंकवाचे डाग, आणि आत सुंदर बोरूच्या अक्षरात लिहिलेलं: सूर्योदयात् गत घटी २१ पळे ४०. घटकाच होत्या! म्हणजे रात्री नाही, तो दिवसाउजेडी जन्मला होता. आईने जुन्या पंचांगांतून त्या वर्षाचं काढलं, पान उलटलं आणि म्हणाली, “त्या दिवशी नक्षत्र बदललंय. बदलायच्या आधी जन्मला असेल तर नाड वेगळी. नंतर जन्मला असेल तर तीच.”

“मी प्रोग्रामला घालते,” मी धावले.

“काही नको. तुझ्या डब्यावर एकदा विश्वास ठेवून पाहिलाय. मी हाताने करते. तुम्ही दोघं बाहेर जा.”

आम्ही बाहेर ओट्यावर बसलो. तो शेंगा सोलून मला देत होता आणि मी त्या न खाता मुठीत धरून ठेवत होते. आतून काहीच आवाज येत नव्हता. मी तीन-चार देवांना नवस बोलले, त्यातल्या दोघांचे अजून फेडायचे आहेत. बऱ्याच वेळाने आईने हाक मारली. “फाईलचं नाव बदलायचं कसं ते सांग गं मला.”

मी दारातूनच सांगितलं. तिने एका बोटाने टक टक करत नाव बदललं, स्क्रिप्ट चालवली, मग प्रोग्राम चालवला. कागद कुरकुरत बाहेर आला. तिने तो माझ्यापुढे धरला. नाडीच्या ओळीत माझी मध्य, त्याची अंत्य. वेगळी! मी तेवढी एकच ओळ वाचली आणि किंचाळले. शेजारच्या बेन ‘शूं थयुं, शूं थयुं’ करत धावत आल्या, त्यांनाही मी गरागरा फिरवलं. तो दारात उभा राहून नुसता हसत होता. आई त्याला म्हणाली, “काकू काकू करून डोकं खाल्लंस, आता आई म्हण.”

लग्न झालं. आईने मांडवात अशा थाटात मिरवून घेतलं की जणू एक नाड असती तर तिने मला खरंच घरी बसवलं असतं, आणि आलेल्या प्रत्येकीला तिने घटका आणि तासांची गोष्ट सांगितली. केंद्राचं नाव आणखी वाढलं. ‘वेळ तपासून घ्यायची तर यांच्याकडे’, असं लोक म्हणू लागले.

पुढे काही वर्षांनी ते जुनं मशीन धापा टाकायला लागलं तेव्हा मी नवं आणलं आणि एका सुट्टीच्या सकाळी माहेरी बसून सगळ्या फायली त्यावर चढवायला घेतल्या. चढवता चढवता सप्टेंबर आला. नवऱ्याची फाईल. नावात वेळ होती शून्य-नऊ, एक-शून्य. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं.

मी तशीच पुढे गेले असते. पण हात थांबला. एकवीस घटका, चोवीस मिनिटांची एक. मी मनात गुणाकार केला. मग कागदावर केला. साडेआठ तासांच्या वर जात होतं. सूर्योदय सहाचा धरला तर पोरगा दुपारी पावणेतीनच्या सुमारास जन्मला. सकाळी नऊ-दहा कसंही करून येत नव्हतं. मी नवी फाईल केली, खरी वेळ घातली, प्रोग्राम चालवला. एक नाड.

स्वयंपाकघरात आई जमिनीवर बसून मेथी निवडत होती आणि माझी मुलगी तिच्या मांडीत बसून निवडलेली मेथी परत काड्यांत टाकत होती.

“आई, नऊ-दहा कुठून आणलेस?”

तिने वर पाहिलं नाही. “कसले?”

“तो दुपारचा आहे. नक्षत्र तोवर बदललं होतं. आमची एक नाडच आहे.”

“माहीत आहे मला,” आई म्हणाली. “पंचांग कुणी पाहिलं होतं? तू?”

माझी आई! कुणी कितीही काकुळतीला आलं तरी जिने कधी पाच मिनिटं इकडची तिकडे केली नाहीत, ती! “आणि नऊ-दहाच का?” एवढंच मी विचारलं.

“दहाला नक्षत्र बदलत होतं. जरा अलीकडची धरली.” तिने काड्यांतून मेथी पुन्हा वेचली. मग म्हणाली, “किती वेळा नाही म्हटलं गं मी त्याला. तोंडावर नाही म्हटलं. आणि दर वेळी उठताना आपला चहाचा कप उचलून मोरीत नेऊन ठेवायचा, माझाही न्यायचा. एकदा तरी चेहरा पाडेल म्हणून बघत होते मी. नाही पाडला. लोकांच्या मुलींसाठी मी पत्रिका बघते बाई. माझ्या मुलीसाठी मी मुलगा बघितला.”

मी तिथेच खाली बसले आणि अशी हमसून रडले की मुलगी घाबरून आजीच्या गळ्यात पडली. आई म्हणाली, “नाक पूस, मेथीत पडेल.” मग मी उठले, बाहेर जाऊन खऱ्या वेळेची फाईल पुसून टाकली आणि नऊ-दहाची नव्या मशीनवर चढवली. स्क्रिप्टने ती तपासली आणि ठीक म्हणाली.